त्या बारा तासांत खोलीत कोण असणार?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्या ताई २९ वर्षांच्या, पहिलटकरीण, २६ आठवडे झालेत. राहायला पुण्यात, तब्येत चांगली, आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. जाऊबाई नेदरलँड्समध्ये असतात आणि त्या म्हणतात, "माझं सगळं मिडवाइफनेच केलं, डॉक्टर हवेत कशाला?" पुण्यातल्या डॉक्टर म्हणतात, "आमच्या सिस्टर आहेत की, वेगळं कोणी कशाला?" इन्स्टाग्रामवर एक डूला, म्हणजे पैसे घेऊन बाळंतपणात सोबत करणारी बाई, सापडली आहे, ती तीस हजार सांगते. सासूबाईंचं म्हणणं, तेवढ्यात बाळंतविडा आणि बारसं दोन्ही होईल. तर डॉक्टर, मिडवाइफ की डूला, यांतलं काय निवडू, असं ताई विचारतात. आणि पत्र संपता संपता एक ओळ टाकली आहे, "तशी आठव्यात मी साताऱ्याला माहेरी जाणार आहे."

या ओळीकडे मी शेवटी येते. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

मी डॉक्टर नाही, सिस्टर आहे. २७ वर्षं लेबर रूममध्ये काढली, पहिली अकरा सरकारी रुग्णालयात, पुढची खासगीत. माझ्या नोंदणीच्या कागदावर परिचारिका आणि प्रसाविका असे दोन्ही शब्द आहेत. जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी हा आपल्याकडे एकच कोर्स असतो, त्यामुळे कागदोपत्री मी मिडवाइफच. पण एवढ्या वर्षांत त्या नावाने मला कोणी हाक मारलेली नाही. "सिस्टर, सलाईन संपलं," बस्स. हे गमतीने सांगत नाही, तुमच्या गोंधळाचं मूळ इथेच आहे म्हणून सांगते.

तुम्ही तिघींना एका रांगेत उभं केलंत, जणू एकच नोकरी आहे आणि तिघींनी अर्ज केलाय. बाळंतपणात कामंच तीन असतात. एक, अडलं तर हात घालायचा: सिझर, व्हॅक्यूम, चिमटा, रक्त चढवायचं की नाही. दोन, अडतंय का याच्यावर नजर ठेवायची: बाळाचे ठोके, कळांचा जोर, पिशवीचं तोंड किती उघडलंय, बीपी, आणि शेवटी बाळ हातात घ्यायचं. तीन, त्या बाईजवळ बसायचं. पाणी द्यायचं, कंबर दाबायची, संडासला नेऊन आणायचं, "होतंय, नीट होतंय" म्हणायचं. पहिलं काम डॉक्टरचं. दुसरं मिडवाइफचं. तिसरं पूर्वी घरातल्या बायकांचं होतं, आता पैसे देऊन कोणाला बोलावलं तर तिला डूला म्हणतात. एकीने दुसरीची जागा भरत नाही. म्हणून मी तुमच्या जागी असते तर कोणाला निवडू असं विचारलंच नसतं. पहिल्या बाळंतपणात कळांनी जोर धरल्यावर बाळ बाहेर येईपर्यंत दहा-बारा तास सहज जातात, त्याआधीच्या बारीक कळांचा तर हिशोबच नाही. त्या बारा तासांत माझ्या खोलीत नक्की कोण असेल, ही तिन्ही कामं कोण करेल आणि कुठलं काम कोणीच करणार नाही, एवढंच मी शोधून काढलं असतं.

आता जाऊबाई. त्या खोटं सांगत नाहीत. नेदरलँड्समध्ये मिडवाइफ म्हणजे चार वर्षांची वेगळी पदवी घेतलेली, स्वतःच्या जबाबदारीवर गरोदर बाई सांभाळणारी व्यावसायिक. धोका नसलेल्या बाईची सगळी तपासणी तीच करते, बाळंतपणही तीच करते. काही अडलं, कळा थांबल्या, बाळाने पोटात शी केली, किंवा बाईला एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) हवं झालं, की ती रुग्णालयात डॉक्टरांकडे सोपवते, आणि त्या सोपवण्याची वाट पक्की बांधलेली असते. वर बाळ झाल्यावर आठवडाभर घरी येऊन आई-बाळाचं बघणारी बाई तिथल्या विम्यातूनच मिळते. थोडक्यात, जाऊबाईंना मिडवाइफ मिळाली म्हणजे मिडवाइफच्या पाठीमागचं सगळं बिऱ्हाड मिळालं. पुण्यात तुम्ही नुसती मिडवाइफ शोधलीत तर ते बिऱ्हाड मिळत नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१८ साली मिडवाइफरी सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. अनुभवी नर्सला अठरा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण द्यायचं आणि रुग्णालयाच्या आवारातच मिडवाइफने चालवायचा कक्ष काढायचा, डॉक्टर हाकेच्या अंतरावर, अशी ती कल्पना. मला विचाराल तर बाळंतपणातली गेल्या कित्येक वर्षांतली ही सगळ्यांत शहाणी कल्पना. पण ती अजून बहुतेक गावांत पोचलेली नाही. काही मोठ्या शहरांत खासगी प्रसूतिगृहांनी स्वतंत्र मिडवाइफ ठेवल्या आहेत, तिथे डॉक्टर आणि मिडवाइफ जोडीने काम करतात. तुमच्या आवाक्यात असं ठिकाण असेल तर जरूर जाऊन बघा. तसं नसेल तर तुमच्या वाट्याला येणारी मिडवाइफ म्हणजे मीच, रात्रपाळीची सिस्टर. आणि रात्रपाळीच्या सिस्टरचं काय असतं ते एकदा बघून घ्या.

एक रात्र सांगते. पावसाळ्याचे दिवस, खासगी रुग्णालय, लेबर रूममध्ये तीन बायका आणि मी एकटी. पहिलीचं तोंड सात सेंटीमीटर उघडलेलं, ड्रिप चालू, दर पंधरा मिनिटांनी बाळाचे ठोके पूर्ण मिनिटभर ऐकायचे. दुसरी तासाभरापूर्वी बाळंत झालेली, तिचं ब्लीडिंग बघायचं, बाळाला अंगावर लावायचं. तिसरी पहिलटकरीण, तीन सेंटीमीटर. वैद्यकीय हिशोबाने तिला माझी गरज सर्वांत कमी, आणि सर्वांत जास्त घाबरलेली तीच. भिंतीकडे तोंड करून पडलेली. दर कळेला पलंगाची लोखंडी कड धरायची, कळ ओसरली की विचारायची, "सिस्टर, अजून किती वेळ?" आई बाहेर बाकावर थर्मास मांडीवर घेऊन बसलेली, कारण आत नातेवाईक सोडायचे नाहीत हा तिथला नियम. तिच्याजवळ बसावं असं मला वाटत होतं, पण बसता येत नव्हतं.

शेवटी आमच्या आयाबाई, सगळे त्यांना मावशी म्हणायचे, फडकं बाजूला टाकून तिच्याकडे गेल्या. तिला उठवून उभं केलं, पलंगावर दोन उशा रचून त्यांवर ओणवी केली आणि प्रत्येक कळेला माकडहाडाच्या वर तळहाताची टाच रुतवून दाबत राहिल्या. तोंडाने चालूच, "हां, आली, येऊ दे, गेली बघ." मधे कोमट पाणी, मधे एक फेरी संडासला. चार वाजता मी तपासलं तेव्हा सहा सेंटीमीटर. मावशींमुळेच तोंड उघडलं असं मी म्हणणार नाही, ते कदाचित तसंही उघडलं असतं. पण त्या पोरीने "अजून किती वेळ" विचारायचं थांबवलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सकाळी डॉक्टर आले, अर्ध्या तासात बाळ झालं. कपडे धुवायचे राहिले म्हणून मावशींना इनचार्ज सिस्टरकडून बोलणी बसली, ती वेगळी.

आता हिशोब करा. त्या रात्री डॉक्टर तिसरीच्या खोलीत किती वेळ होते? दोनदा तपासायला पाच-पाच मिनिटं आणि शेवटचा अर्धा-पाऊण तास. यात डॉक्टरांचा दोष नाही. त्यांचं काम पहिलं आहे आणि ते तेवढ्याच वेळात होतं. फक्त "माझ्या मॅडम खूप छान आहेत" म्हणून निर्धास्त होणाऱ्या मुलींना मी हे सांगते, की मॅडम तुमच्याजवळ बसून राहणार नाहीत.

मग डॉक्टर निवडायचा तो कशावर? सगळ्यांत आधी, तुमचं बाळंतपण धोक्याचं आहे का. बीपी १४०/९० च्या वर जाणं, साखर, हिमोग्लोबिन फार कमी असणं, जुळं, बाळ पायाळू किंवा आडवं, वार (प्लासेंटा) खाली असणं, आधीचं सिझर, यांतलं काहीही निघालं तर चर्चा संपली. भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्ताची सोय असलेलं रुग्णालयच हवं. डूला असली तर असो, पण आधी हे. आज तुमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. बीपी मात्र शेवटच्या दोन महिन्यांतही चढतं, त्यामुळे आजचं नॉर्मल म्हणजे आजपुरतं.

धोका नसेल तर डॉक्टरांना काय विचारायचं? "तुम्ही नॉर्मलला प्राधान्य देता ना?" असं विचारू नका, हो म्हणणार नाही असा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही. विचारा की रात्री मला कळा लागल्या तर तुम्ही किती वेळात पोचता, तोपर्यंत कोण बघतं. पुष्कळ छोट्या दवाखान्यांत रात्री आरएमओ (मुक्कामी डॉक्टर) असतात, ते आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे असू शकतात. त्यांतले काही बाळंतपणात आमच्यासारखेच मुरलेले असतात, काही नसतात. तुम्ही गावाला गेलात तर तुमच्या जागी कोण? कळा चालू असताना मला चालू-फिरू देता का, पाणी-सरबत देता का? खाली छेद देऊन टाके सरसकट घालता की गरज असेल तरच? माझ्याबरोबर एक माणूस शेवटपर्यंत आत राहू शकेल का? आणि भूलतज्ज्ञ इथलेच की बाहेरून येतात?

शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण तो फार महत्त्वाचा आहे. छोट्या गावात भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ दोघेही फिरतीवरचे असतात. रात्रीचे दहा वाजलेत, कळा बेताच्या, बाळ ठीक आहे. डॉक्टर मनात म्हणतात, आत्ता भूलवाले गावात आहेत, पहाटे तीनला अडलं तर ते मिळतील का? खालून नातेवाईकांचे फोन चालू, "मॅडम, रिस्क नको." अशा वेळी सिझरचा निर्णय लवकर होतो. डॉक्टर पैशासाठी कापतात हे सरसकट विधान मला मान्य नाही, पण व्यवस्थाच अशी असते की थांबणं महाग पडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझर निघाली, सरकारीत १४.३. दोन्हीकडे येणाऱ्या बायका वेगळ्या, हे मान्य करूनही हा फरक नुसत्या बायकांच्या तब्येतीचा नाही. (मुहूर्त काढून आणणारे आपणच, हेही जाता जाता सांगते. पंचांग घेऊन आलेले आजोबा मी पाहिले आहेत.)

जाऊबाईंच्या बोलण्यामुळे घरीच बाळंतपण करायचं तुमच्या मनात आलं असेल, म्हणून एक सांगून टाकते. माझं उत्तर नाही. माझी आजी घरीच बाळंत झाली, गावच्या सुईणीच्या हातून, आठ वेळा. आठांपैकी दोन गेली, हे आजी कधी सांगायची नाही, ते आत्याने सांगितलं. मी स्वतः पाहिलेला प्रसंग असा: अगदी सुरेख नॉर्मल बाळंतपण, एकही टाका नाही. नवरा व्हरांड्यात पेढे वाटतोय. बाळ होऊन वीस मिनिटं झाली, वार पूर्ण पडली. मी सवयीने पोटावर हात ठेवला. बाळंत झाल्यावर गर्भाशय हाताला नारळासारखं टणक लागायला हवं. ते लागलं भिजवलेल्या कणकेसारखं. चादर उचलली तर खाली रक्त साचलेलं. बाई हसत होती, तिला काही कळलंही नव्हतं. मी पोट चोळायचं, दुसऱ्या सिस्टरने गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन भरायचं, बाईच्या दुसऱ्या हाताला आणखी एक सलाईन, डॉक्टर धावत, ब्लड बँकेला फोन. पंधरा मिनिटांत आटोक्यात आलं. त्या बाईला आधी कुठलाही धोका लिहिलेला नव्हता. घरी असती तर १०८ ला फोन लावून गाडी येईपर्यंतच ती पंधरा मिनिटं गेली असती. डच बाईच्या घराखाली उभी राहणारी व्यवस्था आपल्या गल्लीत उभी राहील तेव्हा मी मत बदलेन.

आता डूला. पन्नाशीतल्या सिस्टरांना डूला आवडत नाहीत असा समज आहे, आणि थोडा खराही आहे. मलाही पहिली भेटली तेव्हा राग आला होता. पण अभ्यास वाचले आणि राग आवरावा लागला. १९८० साली ग्वाटेमालातल्या एका गर्दीच्या रुग्णालयात साधा प्रयोग झाला. तिथे नातेवाईक आत सोडत नसत, अगदी आमच्यासारखंच. काही पहिलटकरणींजवळ एक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई शेवटपर्यंत बसवली. तिने फक्त हात धरला, पाठ चोळली, बोलत राहिली. एकट्या राहिलेल्या बायकांना दाखल झाल्यापासून बाळंत व्हायला सरासरी १९.३ तास लागले, या बायकांना ८.८. प्रयोग लहान होता, पुढच्या मोठ्या अभ्यासांत एवढा मोठा फरक दिसला नाही. पण २०१७ साली जगभरचे असे २६ अभ्यास, पंधरा हजारांहून जास्त बायकांचे, एकत्र तपासले तेव्हाही दिशा तीच राहिली: सतत सोबत असेल तर नॉर्मल व्हायची शक्यता वाढते, सिझर कमी होतात, वेळ सुमारे चाळीस मिनिटांनी घटतो आणि बाईच्या मनात बाळंतपणाची कटू आठवण कमी राहते. या सगळ्यात महत्त्वाचा शब्द "सतत". अधूनमधून डोकावणाऱ्या माणसाचा उपयोग होत नाही.

म्हणजे तीस हजार द्यावेत का? अवलंबून आहे. तुमचं रुग्णालय तिला आत सोडत नसेल तर ते पैसे वाया गेलेच समजा. हे डूलाला विचारू नका, रुग्णालयाला विचारा आणि शक्य असेल तर कागदावर लिहून घ्या, कारण ओपीडीत "हो हो" म्हणतात आणि रात्री दोनला दारावरचा वॉचमन "एकच माणूस" म्हणतो. मग तुम्हाला नवरा आणि डूला यांत निवड करावी लागते, तीही कळा सोसत. दुसरं, आपल्याकडे डूलासाठी सरकारी नोंदणी, परीक्षा, परिषद असं काही नाही. कोणी महिनोन्महिने शिकून, खूप बाळंतपणं पाहून आलेली असते, कोणी शनिवार-रविवारचा ऑनलाइन वर्ग करून. तेव्हा प्रमाणपत्र बघण्यापेक्षा विचारा की किती बाळंतपणांत तू प्रत्यक्ष बसली आहेस, आणि गेल्या खेपेला सिझर झालं तेव्हा तू काय केलंस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "मी तिच्या डोक्याशी उभी राहिले, नंतर बाळ अंगावर लावायला मदत केली," असं म्हणाली तर बाई कामाची. "डॉक्टरांनी उगाच केलं," असं म्हणाली तर दुसरी शोधा.

कारण माझा राग ज्या डूलावर होता ती नेमकी तसली होती. बाळाचे ठोके दोनदा ऐंशीपर्यंत उतरले, डॉक्टर ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगत होत्या आणि ही पेशंटच्या कानात पुटपुटत होती, "सही करू नकोस, अजून थोडं थांब." त्यात सात मिनिटं गेली. बाळ चांगलं निघालं, पण ती सात मिनिटं माझ्या घशाशी आहेत. डूलाने आतून तपासणी करायची नाही, औषध सांगायचं नाही, ठोक्यांबद्दल मत द्यायचं नाही, आणि डॉक्टर आणि तुमच्या मधे उभं राहायचं नाही. याउलट गेल्या वर्षी एक आली होती, चाळिशीची, शांत. दारातच मला म्हणाली, "सिस्टर, मी उशाशी बसते, तुम्हाला जागा लागेल तेव्हा सांगा." त्या रात्री माझं काम निम्मं झालं.

आणि आता ती शेवटची ओळ: साताऱ्याला माहेरी.

ताई, तुम्ही पुण्यातली डॉक्टर, पुण्यातली डूला यांचा विचार करताय आणि बाळंतपण मात्र एकशे दहा किलोमीटरवर. मग पुण्याच्या डॉक्टरांचा स्वभाव, त्यांच्या सिस्टर, डूलाची फी, कशाचाच संबंध उरत नाही. दर वर्षी अशा कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. साडेसात महिने एकीकडे दाखवलेलं, आणि पस्तिसाव्या आठवड्यात फाईल घेऊन आमच्या दारात. डॉक्टर अनोळखी, खोली अनोळखी, नवरा दर शनिवारी येणार. जिथे सोबतीची गरज जास्त तिथे ती सगळ्यांत कमी. माहेरी जाण्याला माझा विरोध नाही. बाळ झाल्यावरचे सव्वा-दीड महिने आईच्या हाताखाली काढणं यासारखं सुख नाही, शेक-शेगडी आणि डिंकाच्या लाडवांसकट. पण ते सुख बाळंतपणानंतरचं आहे. बाळंतपण पुण्यात करून दहा-बारा दिवसांनी साताऱ्याला जाता येतं, किंवा आईला दोन महिने पुण्यात आणता येतं. हे घरात मांडून बघा. सासूबाई कदाचित तीस हजारांपेक्षा याला लवकर हो म्हणतील.

साताऱ्यालाच करायचं ठरलं तरी चालेल, फक्त आठव्यापर्यंत थांबू नका. पुढच्या पंधरवड्यात एकदा जाऊन तिथल्या डॉक्टरांना दाखवून नाव नोंदवा, लेबर रूम बघून या, आणि वरचे सगळे प्रश्न तिथे विचारा. डूला मग सोडून द्या. ती खंबाटकी घाट ओलांडून वेळेत पोचेल यावर कोणी पैसे लावू नयेत. हवं तर तिच्याकडून पुण्यात असताना दोन-तीन वर्ग करा, श्वास कसा घ्यायचा, कुठे दाबायचं, कसं बसायचं, आणि त्या वर्गांना जो माणूस तुमच्याबरोबर आत येणार त्यालाच घेऊन जा.

तो माणूस कोण, हे मात्र आत्ताच ठरवा. सरकारी रुग्णालयांसाठी केंद्राने २०१६ साली सूचना काढलेली आहे की बाळंतिणीबरोबर सोबतीण असू द्यावी, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई, आणि खोलीत पुरेसा आडोसा असेल तर नवराही चालतो. पुढे २०१७ मध्ये सरकारी लेबर रूम सुधारण्यासाठी आलेल्या केंद्राच्या लक्ष्य कार्यक्रमातही ही सोबत धरलेली आहे. जागेअभावी सगळीकडे पाळलं जात नाही, पण मागायला आधार आहे. आईच हवी असा हट्ट धरू नका. काही आया लेकीच्या कळेबरोबर स्वतः रडायला लागतात, मग आम्हाला दोघींना सांभाळावं लागतं. तुमची आई तशी असेल तर मावशी, आत्या, थोरली बहीण, जी रक्त बघून डगमगत नाही आणि फार बोलत नाही ती. नवऱ्याला घ्यायचं असेल तर एकदा स्पष्ट विचारा. "हो" म्हणताना घसा सुकत असेल तर तो बाहेर बसून गाडी, पैसे आणि रक्ताचं बघू दे, तेही काम मोठं आहे.

सोबतिणीने करायचं काय, ते फार नाही. दर कळेला कंबरेला टाच रुतवून दाबायचं, बाई "जोरात" म्हणेल तेवढं जोरात. दोन कळांच्या मधे दोन घोट पाणी. दर दोन तासांनी लघवीला न्यायचं, भरलेल्या मूत्राशयाने बाळ खाली सरकायला अडथळा होतो. उताणं झोपू द्यायचं नाही, कुशीवर किंवा उभं. मोबाईल बंद, नातेवाईकांना बातम्या देत बसायचं नाही. आणि ठोक्यांच्या मशीनकडे बघून चेहरे करायचे नाहीत. ते आमचं काम.

एवढं करूनही सिझर झालं तर झालं. सोबतीण वाया जात नाही, टेबलवरून बाहेर आल्यावर पहिला तास तिचाच असतो.

साताऱ्याला फोन कराल तेव्हा डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटनंतर आणखी एक मिनिट काढा. रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणा, लेबर रूमच्या सिस्टरला फोन द्या. रात्रपाळीला तुम्ही किती जणी असता आणि आत सोबत सोडता का, एवढे दोनच प्रश्न तिला विचारा. ती जे सांगेल ते लिहून ठेवा.